दहाच्या तासाचा लाडू

आमच्या कॉलेजात दहाचा तास घ्यायला फारसं कुणी राजी नसतं. आठचा आणि नऊचा तास होऊन गेलेला असतो. मी मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायला फळ्याकडे वळले की पाठीमागे जांभया सुरू होतात. अर्थशास्त्र हा विषयच तसा, अशी मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घालत होते. गेल्या जुलैत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून उत्तर देत होती, आणि देता देता मटकन खाली बसली. तोंडावर पाणी मारलं, वारा घातला. जरा हुशारी आल्यावर विचारलं, ‘‘सकाळी काय खाऊन आलीस गं?’’

‘‘चहा घेतला की, मॅडम.’’

‘‘आणि चहाबरोबर?’’

‘‘दोन टोस्ट.’’

ही मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येते. साडेसहाची बस धरायची म्हणजे पाचला उठणं आलं. पाणी, केर, धाकट्या भावाचा डबा हे सगळं उरकून ती निघते. दुपारी घरी पोहोचायला दोन वाजतात. म्हणजे रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटात दोन टोस्ट! त्या दिवशी रेषा बाजूला ठेवून मी वर्गातल्या त्रेचाळीस जणांना विचारलं, आज भाकरी, पोळी, पोहे, उप्पीट असं काही खाऊन कोण आलंय? अकरा हात वर आले. बाकीच्यांकडे मधल्या सुट्टीसाठी दहा रुपये असतात. त्यात कॉलेजसमोरच्या टपरीवर चकचकीत पुडी येते, तिखटमिठाच्या हवेने फुगलेली.

घरी येऊन मी हे सगळं तावातावाने सांगितलं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझी स्वतःची लेक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. तीही सकाळी अर्धा कप दूध पिऊन पळते. केस गळतात, जिना चढताना धाप लागते म्हणून ऑगस्टमध्ये तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ९.४. पंधरा वर्षांवरच्या मुलींचं आणि बायकांचं ते किमान १२ असावं लागतं. मी हादरलेच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आमचं घर काही वेगळं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता. वर्गातल्या जांभयांचा हिशेब तिथे लागला.

डॉक्टरीणबाईंनी जंताची एक गोळी आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. चार दिवस घेतल्यावर लेकीचं पोट बिघडलं, मळमळू लागलं, आणि गोळ्यांची पट्टी टेबलाच्या खणात गेली. इथे मी जी चूक केली ती कबूल करण्यासाठीच खरं तर हा लेख लिहिते आहे. मी म्हटलं, ‘‘राहू देत त्या गोळ्या. आपल्या घरात काय कमी आहे? खाऊनच रक्त वाढवू.’’ लेक खूश, मीही खूश. रविवार पेठेत जाऊन डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बदाम असं दोन पिशव्या भरून सामान आणलं. गोकाकच्या करदंटाला तोंडात घालायला लावील असा ऐवज होता. (करदंट म्हणजे कन्नडमधला तळलेला डिंक, हे इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.) डिंक फुलवला, खारीक कुटली, गुळाचा पाक केला, आणि रोज सकाळी एक लाडू डब्यात घातला.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा रक्त तपासलं. ९.१! वाढायचं सोडून थोडं उतरलंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मला खरं सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘‘मॅडम, लाडू चांगलाच आहे. पण विहीर आटलीय आणि तुम्ही तांब्याने पाणी ओतताय.’’ लाडू खाल्लाच नसेल तर तेही नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. लेकीने सगळं ओकून टाकलं. तीन महिन्यांतले निम्मे लाडू तिने परत येताना गल्लीतल्या गाईला घातले होते. ‘‘आई, ते बाळंतिणीचे लाडू आहेत. डबा उघडला की मुली हसतात. आणि चावता चावत नाहीत.’’

हसावं की रडावं कळेना. पण तिचं खरं होतं. डिंक आणि अळीव आपल्याकडे बाळंतिणीला देतात, थंडीत देतात. सतरा वर्षांच्या मुलीने तो लाडू मैत्रिणींत बसून खावा ही अपेक्षाच चुकीची. शिवाय पाक पक्का झाला होता, तो दोष माझा.

मग मात्र मी वहीपेन घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांतल्या घटकांचं जाडजूड पुस्तक काढलं आहे, त्यावरून लाडवांचा हिशेब मांडला. सढळ हाताने नाचणी, तीळ, दाणे, गूळ घातलेल्या चाळीस ग्रॅमच्या लाडवात लोह भरतं दोन-अडीच मिलिग्रॅम. धान्याकडधान्यातल्या लोहाचा तर थोडाच भाग अंगी लागतो. सरकारी योजनेत शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, त्या एका गोळीत लोह असतं ६० मिलिग्रॅम. रोजच्या जेवणातून या वयाच्या मुलीला सुमारे तीस मिलिग्रॅम लोह हवं असतं. तेव्हा घरचं खाऊन रक्त टिकेल, पण एकदा खाली गेलेलं रक्त नुसत्या लाडवांनी वर येईल हे माझ्या आकडेमोडीत काही बसलं नाही. आणि गुळाबद्दल आपण फार हळवे असतो. गूळ साखरेपेक्षा बरा, चवीला तर कितीतरी बरा. पण आधी ती साखरच. ‘गुळात लोह असतं ना’ म्हणत लाडू दुप्पट गोड करण्यात अर्थ नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा प्रकार बदलला, थोडं खाल्ल्यावर घ्यायला सांगितली, वरून लिंबूसरबत. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, आणि चहाने त्याच्या उलट होतं. म्हणून गोळीच्या किंवा जेवणाच्या पुढेमागे तासभर तरी चहा नको. आमच्या घरात हा नियम पाळणं गोळी गिळण्यापेक्षा अवघड गेलं. मलाच.

मग लाडवाचं काय? तो सोडून द्यायचा? नाही. लाडवाचं काम वेगळं आहे एवढंच. त्याने सकाळी दहाची भूक भागवायची. चहा-टोस्टची जागा घ्यायची. त्यासाठी तो दप्तरात फुटता कामा नये, दातांना चिकटता कामा नये, महाग असता कामा नये आणि चारचौघांत खाताना लाज वाटता कामा नये. या चार अटींत बसणारा लाडू मला सापडला तो आमच्या कॉलेजात झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. त्या जांबोटीकडच्या. नागपंचमीला तंबिटाचे लाडू करतात, पण त्यांच्या घरी तांदळाच्या जोडीला नाचण्याचं पीठ असतं. माझा डिंकाचा प्रताप ऐकून म्हणाल्या, ‘‘पाक कशाला घालताय म्याडम? गूळ किसून कालवा की. पाकाचा लाडू दात पाडतो बघा.’’

मी त्यांच्या पद्धतीत थोडा फेरफार केला आहे. पाव किलो नाचणीचं पीठ, पाव किलो डाळं, पाव किलो शेंगदाणे, शंभर ग्रॅम तीळ, साडेतीनशे ग्रॅम चिरलेला गूळ आणि शंभर ग्रॅम तूप. पीठ निम्म्या तुपावर मंद आचेवर भाजायचं. इथे घाई केलीत तर लाडू कच्चट लागतो आणि मुलं पुन्हा हात लावत नाहीत. पंधरा मिनिटं तरी लागतात. नाचणीचा रंग मुळात गडद, त्यामुळे भाजल्याची खूण रंगावरून नव्हे, वासावरून घ्यायची. दाणे खमंग भाजून साली पाखडून टाका. तीळ तडतडले की लगेच उतरवा, क्षणात कडू होतात. डाळं भाजलेलंच असतं, त्याचं नुसतं पीठ करायचं. दाणे आणि तीळ जाडसर फिरवून घ्या. सगळं कोमट झालं की गूळ घालून थोडं थोडं मिश्रण मिक्सरमधून एकेक फेरा काढायचं. दाण्यांना तेल सुटतं, गूळ मऊ होतो आणि उरलेलं तूप घालून लाडू सहज वळतो. वेलदोड्याची पूड घाला, चिमूटभर मीठही घाला. मीठ विसरू नका, गोडाला त्यानेच चव येते. गूळ मात्र विस्तवावर असताना घालायचा नाही.

सवड असेल तर नाचणीला मोड आणावेत. रात्रभर भिजत घालून कापडात बांधली की दीड-दोन दिवसांत बारीक मोड येतात. मग सावलीत वाळवून, हलकी भाजून दळायची. मोड आल्याने लोह अडवून धरणारे घटक कमी होतात. आमच्याकडे पावसाळ्यात वाळवायचे हाल होतात, तेव्हा मी साधं पीठ वापरते.

या मापात बत्तीस लाडू होतात. अर्थशास्त्राची सवय सुटत नाही म्हणून खर्चही काढला. एक लाडू सहा-सात रुपयांना पडतो. त्यात प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास आणि उष्मांक पावणेदोनशेच्या घरात. कॅल्शियमही बऱ्यापैकी मिळतं, कारण नाचणी आणि तीळ दोन्ही त्याला प्रसिद्ध आहेत. सकाळी पळापळ करणाऱ्या मुलीला एक पुरे, फार तर दीड. घरात बसून टीव्ही बघत चार खाणाऱ्यांसाठी तो नाही. आमच्या घरात असे एक गृहस्थ आहेत आणि त्यांना साखरेचा त्रास आहे. त्यांच्यासाठी डबा आता फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतो.

रोज गोड नको असेल तर भडंग आहेच. फक्त एक लक्षात घ्या मैत्रिणींनो, चिरमुऱ्यांनी डबा भरतो, पोट नाही. पसाभर चिरमुरे तळहातावर तोलून बघा, वजनच लागत नाही. मी आता प्रमाण उलटं केलंय. दोन वाट्या चिरमुऱ्यांना एक वाटी दाणे, अर्धी वाटी डाळं, मूठभर सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण. तेल दोन चमचे, आणि तेही ताजं. पुऱ्या तळून उरलेलं, काळपट झालेलं तेल भडंगात खपवायची आपल्याला सवय असते, ती सोडावी. लेकीला सगळ्यात आवडते ती मात्र मटकी. मोड आलेली मटकी वाफवून, जिरं-हिंगाची फोडणी देऊन डब्यात घालते आणि लिंबाची फोड वेगळी ठेवते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती दहापर्यंत टिकेल याचा भरवसा नसतो, तेवढे दिवस भडंग आणि लाडू.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा रक्त तपासलं, ११.३ आलं. यात गोळ्यांचा वाटा किती आणि डब्याचा किती हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. ‘‘रक्त गोळ्यांनी वाढलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण पोटात काही असल्याशिवाय गोळी तिला सोसत नव्हती, हे विसरू नका.’’ अजून काही महिने गोळ्या चालू ठेवायच्या आहेत.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायला लावलं. तिलाही गोळ्या सुरू झाल्या. लाडवाची कृती तिला लिहून दिली तर म्हणाली, ‘‘मॅडम, नाचणा आमच्या शेतातलाच आहे. आई भाकरी करते त्याची. लाडू करायला वेळ कुठला तिला?’’ मला त्यावर उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी तिनेच केले, धाकट्या भावाला दाणे सोलायला बसवून. सोमवारी डब्यातून दोन आणले होते, एक मला दाखवायला. गूळ जरा कमी पडला होता आणि पीठ छान भाजलं होतं. तास सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघींनी ते खाल्ले.