पोटातलं गणगोत (लेखांक ९) : आईच्या ताटातून बाळाच्या ओठी

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की भातखाचरांमधून जाताना ओरत्तनाडु लागतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र याच गावात आहे. रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसल्यांनी या वाटेवर अशी अन्नछत्रं चालवली. त्यांचा कारभार कसा चाले, हे सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्रातून तपशिलाने कळवलं होतं. येईल त्याला जात न विचारता भात वाढायचा. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी जेवायचं राहिलंय का, अशी हाळी द्यायची. आजाऱ्याला वैद्य, पोरक्या पोरांना पंतोजी, तान्ह्यांना दूध. आणि वाटेतच कुणी बाळंत झाली, तर तिचा खर्च आणि औषधपाणी छत्राकडे, शिवाय पुढे तीन महिने तिथेच राहायची मुभा.

बाळ पोसायचं तर आधी बाळंतीण पोसायची, एवढं साधं हे गणित. आपल्याकडे हळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू त्याच गणितातून आले. आता त्या डब्याशेजारी प्रोबायोटिकची कॅप्सूल येऊन बसली आहे. मागच्या लेखात बाळाच्या आतड्यात पहिले जिवाणू कसे पोहोचतात ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या आधीच्या टप्प्याचा : आईने जिवाणू गिळले, तर तिचं दूध बदलतं का?

आधी दुधात असतं काय, ते पाहू. शंभर मिलीलिटर पक्व दुधात साधारण सात ग्रॅम लॅक्टोज, चार ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. आई काय जेवते यावर यातलं लॅक्टोज आणि प्रथिनं फारशी हलत नाहीत. शरीर स्वतःची झीज सोसून ती राखतं. स्निग्धांशाची जात मात्र आहारानुसार बदलते, आणि काही जीवनसत्त्वंही.

याखेरीज दुधात एक गंमत आहे. लिटरमागे पाच ते पंधरा ग्रॅम अशा शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात आणि त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार माहीत झाले आहेत. बाळाला न पचणारं अन्न आई का तयार करते? कारण ते ताट बाळाचं नाहीच, ते बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियाचं आहे. घरच्या पाहुण्याबरोबर त्याच्या बैलांनाही वैरण घालावी, तसं. कुठल्या आईच्या दुधात कुठल्या शर्करा उतरतील, हे बरंचसं तिच्या जनुकांवर ठरतं.

शिवाय दुधात प्रतिपिंडं असतात, प्रतिकारशक्तीला शिस्त लावणारी टीजीएफ-बीटासारखी संदेशद्रव्यं असतात, आणि थोडे जिवंत जिवाणूही. आईच्या आतड्याला एखाद्या जंतूची ओळख पटली, की तिथे तयार झालेल्या काही पेशी रक्तावाटे स्तनापर्यंत जातात आणि त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. म्हणजे आतड्यातली खबर दुधात पोहोचायची वाट खरीच आहे. प्रोबायोटिकवाल्यांची सारी आशा या वाटेवर आहे.

आता प्रयोग. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी २००२ साली ६२ माय-लेकरांच्या जोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना काही आयांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिला होता. त्यांच्या दुधात टीजीएफ-बीटा-२ हे द्रव्य दुपटीहून जास्त भरलं आणि त्यांच्या बाळांना इसबाचा त्रास कमी झाला. बातमी अर्थातच गाजली.

सहा वर्षांनी स्वीडनमधून दुसरा निकाल आला. तिथे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दिला होता लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. त्या आयांच्या दुधात तेच द्रव्य कमी निघालं! आणि जिथे ते कमी, तिथल्या बाळांमध्ये ॲलर्जीची चाहूलही कमी दिसली. एकाने वाढवलं ते भलं, दुसऱ्याने घटवलं तेही भलं. मग दुधातलं हे द्रव्य वाढवणं म्हणजे दूध सुधारणं, हे म्हणायचं कसं?

याच रॉयटेरीच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट तपासली होती. आईने गिळलेला जिवाणू चिकात, म्हणजे पहिल्या दुधात, सापडतो का? तो घेतलेल्या शंभरातल्या बाराएक आयांच्या चिकात सापडला, आणि न घेतलेल्यांपैकी दोघींच्याही. म्हणजे उतरतो, पण क्वचित. योगायोग असा, की त्या प्रयोगातला वाण मुळात पेरू देशातल्या एका आईच्या दुधातूनच वेगळा काढलेला होता.

२०१९ साली फिनलंडमधल्याच ८१ आयांच्या दुधात त्या शर्करा मोजल्या गेल्या. गरोदरपणाच्या अखेरीस प्रोबायोटिक घेतलेल्यांमध्ये काही शर्करा वाढलेल्या होत्या, काही घटलेल्या. बदल होतो, एवढं यातून दिसलं. त्याने बाळाचं काही साधलं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

हे निकाल एकमेकांशी भांडतात, कारण ‘प्रोबायोटिक’ हे एका वस्तूचं नाव नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला नुसतं ‘भात लाव’ म्हटलं, तर तो विचारेल, कुठला? पोन्नी आणि आंबेमोहर दोन्ही भातच, पण एकाचा वास दुसऱ्याला येत नाही. जिवाणूंचंही तसंच. वाण कुठला, मात्रा किती, कुठल्या महिन्यात आणि किती दिवस, यावर सगळं ठरतं. पाकिटावर वाणाचं पूर्ण नाव आणि जिवाणूंची संख्या नसेल, तर त्या पाकिटाबद्दल कुठलाच प्रयोग काही सांगत नाही.

ओडिशातल्या प्रयोगाचा दाखलाही इथे हमखास दिला जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेचार हजारांवर नवजात बाळं होती आणि जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तिथे जिवाणू थेट बाळांना दिले होते, आयांना नव्हे. हा प्रयोग दाखवून कुणी आईच्या गळ्यात कॅप्सूल मारत असेल, तर हिशेब चुकतो आहे.

आणि घरचं दही? विरजणात कुठले जिवाणू किती, हे घरोघर वेगळं, म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. पण प्रथिनं आणि कॅल्शियम देणारं ते उत्तम अन्न आहे. ‘बाळंतिणीने दही खाल्लं की बाळाला सर्दी’ या समजुतीला आधार नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि ते बाळाला पाहायला आलेल्यांच्या हातांवरून येतात.

तेव्हा कॅप्सूल घ्यायची की नाही, हे बाळंतिणीने डॉक्टरांना विचारावं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा आईची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नये. पण तिच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडं आहे का, आणि रात्री उठून पाजल्यावर दुपारी तिला डोळा लागू देतो का, हे प्रश्न घरातल्यांचे आहेत. अनोळखी बाईला छत्रात तीन महिने मिळत होते. घरच्या लेकीसुनेला त्याहून कमी मिळू नयेत.