कावेरीचा महसीर आणि एका कॅम्पची नोंदवही

गळ टाकून हौसेने मासे धरणाऱ्यांच्या क्लबात वर्षभर काय चालतं? स्पर्धा होतात, वार्षिक सभा होते, पावसाळ्यात बोटुकल्या, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडण्याचा कार्यक्रम असतो, नव्या रॉड-रीलची चर्चा होते आणि निसटून गेलेल्या माशाच्या गोष्टी रंगतात. पवईपासून बेंगळुरूपर्यंत हे चित्र सारखंच. पण क्लबात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे सभासदांचंही फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे नोंदवही. कोण आलं, किती तास बसलं, कोणता मासा लागला, वजन किती भरलं. आपल्या देशातल्या महसीर माशाच्या गळमासेमारीचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना त्या वहीइतकं मोलाचं दुसरं काही मला दिसत नाही. एक अख्खी जात नदीतून नाहीशी होत होती, आणि ते आकड्यांनिशी लिहून ठेवलं होतं फक्त एका गळमासेमारी कॅम्पवरच्या वहीने.

या गोष्टीचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडत होता. भोई आणि कोळी आपल्या माशांना काय म्हणतात ते तो विचारून घ्यायचा आणि तीच नावं लॅटिन साच्यात बसवायचा. शिरूरच्या घोड नदीतला तो ‘मुसुल्ला’, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला तो ‘खुद्री’. 1839 मध्ये छापून आलेलं हे दुसरं नाव आजही टिकून आहे: टॉर खुद्री, म्हणजे दख्खनचा निळसर परांचा महसीर. आपल्याकडे कुठे त्याला खडशी म्हणतात, कुठे खडची. आज पुण्याच्या खाली त्याच पाण्यात खडशी गळाला लागेल असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही.

इंग्रज अमदानीत महसीर हा साहेबांच्या शिकारीचा मासा झाला. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये निघालं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी त्यावरच गळ घडवले. कावेरी आणि तिला मिळणारी कबिनी ही त्यांची पंढरी. गळाला लागलेल्या महसीरचा जो विक्रम आजवर सांगितला जातो तो 1946 चा, कबिनी नदीतला: म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी धरलेला 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा मासा. खवले तळहाताएवढे, पाठीवर उंच वशिंड, पर आणि शेपूट नारिंगी. हा खुद्री नव्हे. हा कावेरीच्या खोऱ्यातला वेगळा महसीर होता, पण तेव्हा त्याला वेगळं शास्त्रीय नावही नव्हतं. गरवणारे त्याला नुसतं ‘हम्पबॅक’ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि खेळ थंडावला. सुरुंग लावून, विष घालून मासे मारणं मात्र वाढलं. परदेशात तर असाच समज झाला की मोठा महसीर आता उरलाच नाही. तो समज मोडला 1977-78 मध्ये, जेव्हा तीन ब्रिटिश तरुण कावेरीवर आले आणि 92 पौंडांपर्यंतचे मासे धरून परतले. त्यांच्या हकिगती वाचून जगभरचे गरवणारे कर्नाटकात येऊ लागले.

बेंगळुरूची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया 1972 पासून काम करत होती. तिने कावेरीचा एक पट्टा भाड्याने घेतला आणि राखण सुरू केली. पुढे गालिबोरे, भीमेश्वरी, दोड्डमकळी असे कॅम्प कावेरीकाठी उभे राहिले. इथे जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नदीतला एकेक डोह आणि खडक ज्यांना तोंडपाठ, त्या काठच्या गावकऱ्यांनाच राखणदार आणि वाटाड्या म्हणून पगारावर घेतलं. त्यांत काल-परवापर्यंत चोरून सुरुंग लावणारेही होते. जिवंत मासा त्यांच्या घरी वर्षानुवर्षं पैसा आणू लागला, तेव्हा सुरुंगाचा आवाज कमी झाला.

त्यांचं आमिषही तिथल्याच मातीतलं: नाचणी. पीठ पाण्यात घट्ट मळायचं, मुठीत मावेल एवढा गोळा वळायचा आणि उकळत्या पाण्यात सोडून इतका कडक करायचा की बारक्या माशांनी टोचून तो फुटू नये. कोणी त्यात मसाला घालतं, कोणी नुसताच ठेवतं. मग मजबूत गरीवर तो गोळा चढवायचा, शिशाचं वजन लावायचं आणि धारेत दोन खडकांच्या मध्ये टाकून बसायचं. महसीरच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि त्यांनी तो खेकडा-गोगलगाय भरडून खातो. गोळा उचलला की पहिला झटकाच असा येतो की रील ओरडत सुटतं आणि तंगूस खडकाला घासून तुटली तर खेळ तिथेच संपतो. मासा दमून काठाला आला की त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचं नाही. हात ओले करून गरी काढायची, वजन करायचं, तोंड धारेकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवायचं. कल्ले नीट चालू लागले आणि त्याने स्वतःहून शेपूट मारली की सोडायचं. मग वहीत लिहायचं.

आता लोणावळ्याकडे येऊ. टाटांच्या वीज प्रकल्पांसाठी बांधलेल्या तलावांपैकी वळवणच्या काठावर सत्तरच्या दशकात महसीरचं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. राज्याच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे महसीरची कृत्रिम पैदास सुरू केली. पावसाळ्यात विणीला आलेली मादी धरायची, पोटावरून हलका हात फिरवून सोनेरी अंडी काढायची, त्यावर नराचं बीज घालून फलन करायचं आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. अंडी लांब पाठवायची तर पाण्याचीही गरज नाही, ओल्या कापसाच्या थरांत रचून ती विमानाने नेता येतात, हेही त्यांनी दाखवून दिलं. धरणांनी महसीरच्या वाटा अडवल्या होत्या. विणीच्या जागा बुडाल्या होत्या. अशा वेळी लाखोंनी पिल्लं तयार करणारं हे केंद्र म्हणजे मोठा दिलासा होता. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असं हे काम आहे, आणि त्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल बोलताना मी तो अभिमान कमी करणार नाही.

पुढे झालं असं की लोणावळ्याचं बीज देशभरच्या मत्स्य खात्यांना आणि संस्थांना मिळालं आणि त्यातून खुद्री कावेरीतही सोडला गेला. उद्देश चांगला होता. नदीत महसीर कमी झालाय, तर महसीर सोडा. महसीरच्या जातींमधले भेद तेव्हा शास्त्रज्ञांनाही नीट उलगडलेले नव्हते. पण कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला खुद्री हा कावेरीचा मूळ रहिवासी नव्हता. नव्वदच्या दशकात निळसर परांचे मासे कावेरीत गळाला लागू लागले. कॅम्पवरच्या लोकांना आनंदच झाला, कारण मासे जास्त लागत होते.

हे सगळं उलगडलं ते गालिबोरे कॅम्पच्या वहीतून. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ एड्रियन पिंडर आणि केरळचे राजीव राघवन यांनी सहकाऱ्यांसह 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. या वर्षांत 23,620 तास गळ पाण्यात होता आणि 6,161 महसीर धरून परत सोडले गेले. अर्ध्या किलोहून कमी वजनापासून 46.8 किलोंपर्यंत. दर तासामागे मिळणारे मासे वाढत गेले होते आणि सरासरी वजन घटत गेलं होतं. एवढंच पाहिलं असतं तर नदी भरभराटीला आली, पिल्लं वाढली असं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली असती. पण वहीत वजनाबरोबर मासा कोणता, हम्पबॅक की दुसरा, हेही लिहिलेलं होतं. दोन्ही वेगळे मोजले तेव्हा कळलं की वाढ झाली ती बाहेरून आलेल्या निळ्या परांच्या महसीरची. नारिंगी शेपटीचा, वशिंडाचा, विक्रमी वजनांचा कावेरीचा मासा जवळजवळ संपत आला होता. लहान हम्पबॅक तर दिसेनासेच झाले होते.

विचार करा, त्या काळात या नदीच्या या मोठ्या माशाची इतकी सलग मोजणी करणारं दुसरं कोण होतं? दमलेल्या हाताने, कंदिलाच्या उजेडात चार रकाने भरणारे हौशी लोकच होते.

2018 मध्ये हा मासा नक्की कोण, हेही ठरलं. तमिळनाडूतल्या मोयार नदीत हम्पबॅकची एक वस्ती उरलेली सापडली. तिथल्या नमुन्यांवरून, अंगरचना आणि डीएनए दोन्ही तपासून, तो टॉर रेमादेवी असल्याचं सिद्ध झालं. केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेली ही जात. पुण्याचे नीलेश डहाणूकर या अभ्यासात होते, हे मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. पाठोपाठ आपला खुद्री ‘संकटग्रस्त’ वरून ‘चिंता कमी’ या वर्गात आला. लोणावळ्याच्या कामाची ती मोठी पावती. या दोन बातम्या मी नेहमी एकत्र वाचतो, आणि आमच्या मंडळींनीही तशाच वाचाव्यात असं मला वाटतं.

कावेरीचे कॅम्प मात्र तोवर थांबले होते. अभयारण्यात गळ टाकणं ही वन्यजीव कायद्याखाली शिकार ठरते, या भूमिकेतून 2012 मध्ये तिथली गळमासेमारी बंद झाली. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. परिणाम मान्य नाही. राखणदारांचा पगार गेला, नदीवर रोजचा डोळा ठेवणारी माणसं गेली आणि वही बंद झाली. धरून सोडणाऱ्याला आणि सुरुंग लावणाऱ्याला एकाच मापाने मोजलं की नुकसान माशाचंच होतं.

आता आपल्या घरची गोष्ट. मुंबईत पवईच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. इंग्रजी अमदानीत ती बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन म्हणून निघाली. तलाव 1890 चा, शहराला पाणी पुरवायला बांधलेला, पण पाणी पिण्याजोगं न राहिल्याने उद्योगांकडे वळवलेला. भरला की 545 कोटी लिटर पाणी आणि मग सांडवा मिठीकडे. दर पावसाळ्यात ‘पवई तलाव ओसंडून वाहू लागला’ ही बातमी येते. 2025 मध्ये ती 18 जूनलाच आली. सांडपाणी येतं, जलपर्णी पसरते, मगरी अजून टिकून आहेत. काठावर भराव घालून सायकल ट्रॅक करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 रोजी बेकायदा ठरवला. तलावाकाठी गळ घेऊन बसणाऱ्यांना या सगळ्याची खबर सर्वांत आधी लागते: पाण्याचा वास बदलतो, रोहू उथळात येऊन तोंड उघडू लागतो, चिलापीशिवाय काही लागेनासं होतं. ही खबर बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर बोलली जाते आणि तिथेच विरते.

राखलेले डोह आपल्याकडेही आहेत. देहूला इंद्रायणीत तुकोबांच्या डोहापाशी, महाडजवळ वाळणकोंडीला वरदायिनीच्या पायाशी महसीर भक्तीच्या बळावर जगलेत. तिथे गळ कोणी टाकत नाही आणि टाकूही नये. पण जिथे परवानगीने गळ पडतो, ते तलाव आणि धरणांची फुगवटी तरी आपण मोजू शकतो.

म्हणून क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना माझ्या दोन विनंत्या आहेत. बोटुकल्या सोडण्याचा कार्यक्रम ठरवताना फोटोआधी दोन प्रश्न विचारा: ही जात या खोऱ्यातली आहे का, आणि बीज कुठलं आहे? उत्तर ठाम मिळालं नाही तर यंदा सोडू नका. तो दिवस काठावरचं प्लॅस्टिक आणि तुटलेली तंगूस गोळा करण्यात घाला. आणि दसऱ्यानंतर हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, जागा, किती तास बसलात, काय लागलं, वजन, लांबी, सोडला की ठेवला, आणि परांचा रंग दिसेल असा एक फोटो. काहीच लागलं नाही तरी तास लिहा. ते रिकामे तास नसतील तर बाकीच्या आकड्यांचा हिशेब लागत नाही. दर वर्षी मे महिन्यात त्या वहीची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या.