मृत्युपत्रात बदल करायचा आहे? प्रकृती चांगली असतानाच करा

अमळनेरच्या अनेक घरांत एक जुनी पुंजी जपलेली आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो झाली आणि ज्यांनी तिचे शेअर विकले नाहीत त्यांच्या हाती कल्पनेपलीकडची संपत्ती आली. शेतजमीन, घर आणि असे शेअर यांची नीट व्यवस्था लागावी म्हणून सुजाण वडीलधारी मंडळी मृत्युपत्र करतात. ते नोंदवून कपाटात ठेवले की काम संपले, अशी मात्र समजूत असते.

वस्तुतः मृत्युपत्र आणि मृत्यू यांच्यामध्ये पंधरा-वीस वर्षेही जातात. तेवढ्या काळात एखादा मुलगा निवर्ततो, सासरी गेलेली लेक आईच्या शुश्रूषेसाठी माहेरी येऊन राहते, प्लॉट विकला जातो आणि ज्यांना व्यवस्थापक नेमले तेच अंथरुणाला खिळतात. कागद मात्र जुनेच बोलत राहतो.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणास वाटेल. कारण साधे आहे. मृत्युपत्र असो वा त्यातील बदल, तो करणाऱ्याचे मन त्या वेळी शाबूत असले पाहिजे, ही कायद्याची पहिली अट आहे आणि तिची चौकशी अखेर डॉक्टरांच्या दारी येते. बहुधा ती येते तेव्हा रुग्ण प्राणवायूवर असतो आणि नातेवाईक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, तेवढे एक सर्टिफिकेट द्या.” बदलासाठी याहून वाईट वेळ नाही.

पुरवणीपत्र म्हणजे काय?

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. थोडाच बदल असेल तर संपूर्ण मृत्युपत्र नव्याने न लिहिता त्याला पुरवणीपत्र जोडता येते. वकील त्यास कोडिसिल म्हणतात. ते मूळ मृत्युपत्राचाच भाग मानले जाते. म्हणून त्याला नियमही तेच. मृत्युपत्रकर्त्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. दोघांनीही त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्या समक्ष आपल्या सह्या केलेल्या असाव्यात. जुनेच साक्षीदार हवेत असे नाही. मात्र ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, हे शहाणपणाचे.

स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. तरीही मूळ मृत्युपत्र नोंदवलेले असेल तर पुरवणीपत्रही नोंदवावे. प्रकृतीमुळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाणे अशक्य असेल, तर अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची सोय कायद्यात आहे.

पुरवणीपत्रात मूळ मृत्युपत्राची तारीख व नोंदणी क्रमांक लिहावा, कोणते कलम बदलले ते नेमके सांगावे आणि ‘उर्वरित मृत्युपत्र कायम’ असे नमूद करावे. जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड करून नवे नाव लिहू नये. त्या दुरुस्तीलगत पुन्हा विधिवत सही-साक्ष नसेल तर तिला अर्थ उरत नाही. बदल अनेक असतील तर आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द करून नवेच करणे उत्तम. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत केवळ स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते आणि मुस्लिम कुटुंबांना त्यांच्या व्यक्तिगत कायद्याचे नियम लागू होतात, हेही वकिलांकडून समजून घ्यावे.

डॉक्टर काय पाहतात?

मधुमेह, पक्षाघात किंवा वाढते वय यांमुळे हा अधिकार जात नाही. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या अवस्थेतही अनेकांना आपण काय करीत आहोत याचे पुरते भान असते. कायदा एवढेच म्हणतो की, आजार, नशा वा अन्य कारणाने ज्याला आपली कृती उमगत नाही, त्याने त्या अवस्थेत मृत्युपत्र करू नये. बहिरेपणा किंवा अंधत्वही आड येत नाही; मजकूर समजावून, वाचून दाखवावा आणि तशी नोंद करावी.

धोका असतो तो चढउताराचा. वृद्धांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, साखर उतरणे, झोपेची वा तीव्र वेदनाशामक औषधे यांमुळे अचानक भ्रम होतो. सकाळी नीट बोलणारा माणूस सायंकाळी मुलालाही ओळखत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, ताप आणि अतिदक्षता विभाग टाळावेत. जोडीदाराच्या निधनाचा किंवा भांडणाचा ताजा आवेगही ओसरू द्यावा.

तपासणीच्या वेळी चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असावे. नातेवाइकांनी बाहेर थांबावे. तुमच्याकडे काय काय आहे, तुमचे वारस कोण, काय बदलायचे आहे आणि का, ही उत्तरे रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत यायला हवीत. केवळ मान डोलावणे पुरेसे नाही. ती उत्तरे, तारीख व वेळ यांसह लिहून ठेवलेले प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडते. जे डॉक्टर साक्षीदार म्हणून सही करतात, त्यांना न्यायालयात जाण्याची तयारी ठेवावी लागते. न तपासता दिलेला कागद कुटुंबाचे रक्षण करीत नाही.

दोन गाजलेली प्रकरणे

रतन टाटा यांनी २३ फेब्रुवारी २०२२ रोजी मृत्युपत्र केले आणि त्याला पुढे चार पुरवणीपत्रे जोडली. चौथे २२ डिसेंबर २०२३ चे, म्हणजे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या निधनाच्या सुमारे साडेनऊ महिने आधीचे. तरीही स्वतंत्र उल्लेख नसलेले शेअर कोणाकडे जावेत, हे व्यवस्थापकांना मुंबई उच्च न्यायालयाकडून ठरवून घ्यावे लागले. जून २०२५ मध्ये निर्णय झाला की, चौथ्या पुरवणीपत्रानुसार ते त्यांच्या नावाच्या दोन धर्मादाय संस्थांना समान मिळावेत. पुरवणीतील एक वाक्य मूळ मृत्युपत्रातील ‘उर्वरित मालमत्ते’च्या कलमाला कुठे स्पर्श करते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवूनच पाहावे लागते.

दुसरे प्रकरण ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या शेअरसंबंधीचे. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नॉमिनी हा केवळ नॉमिनी असतो. मालकी उत्तराधिकाराच्या कायद्यानेच ठरते. तेव्हा बँकेत किंवा डिमॅट खात्यात नॉमिनी बदलला म्हणजे मृत्युपत्र बदलले, असे समजू नका.

अमळनेरकरांना आणखी एक सूचना. ‘माझे शंभर शेअर थोरल्यास’ असे आकड्यात लिहू नका. २०२४ च्या अखेरीस विप्रोने एकास एक बोनस दिला आणि शंभराचे दोनशे झाले. वरचे शंभर कोणाचे? ‘मृत्यूसमयी माझ्या नावे असलेले सर्व शेअर’ अशी शब्दयोजना हा वाद मिटवते.

पुरवणीपत्र मूळ मृत्युपत्रासोबतच ठेवा आणि व्यवस्थापकास ते कुठे आहे ते सांगा. वर्षातून एकदा आपण रक्त तपासतो, रक्तदाब पाहतो. त्याच आठवड्यात अर्धा तास काढून मृत्युपत्रही वाचा. त्यातील एखादे नाव किंवा गट क्रमांक आता जुना झाला असेल तर वकिलांना फोन करा आणि अंगात ताप नसलेल्या एखाद्या सकाळी, डोके शांत असताना सही करा.