हौदांतील किडा व नारूचें भय

करमाळा तालुक्यांत उन्हाळ्याचे दिवस आले म्हणजे पाणी सांठविल्यावांचून संसार चालत नाहीं. टँकरची वाट पाहावी, आणि तो आला कीं हौद, पिंप, रांजण, मिळेल तें भांडें भरून ठेवावें, असा क्रम असतो. अशा जपून ठेविलेल्या पाण्यांत एखादे दिवशीं दोऱ्यासारखा किंवा तांबडा किडा वळवळतांना दिसला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांना नारू आठवतो व ते सगळा हौद उपसून टाकावयास सांगतात. तरुण मंडळी ‘कांहीं होत नाहीं’ म्हणून तांब्या बुडविते. किडा कोणता हें मात्र कोणीच पाहत नाहीं.

वास्तविक पाहणें अवघड नाहीं. किडा पाण्यासकट पांढऱ्या बशींत घ्यावा, उजेडांत ठेवावा, आणि घरांत भिंग असल्यास तें लावावें. अंगावर वलयें आहेत कीं नाहींत, डोकें निराळें दिसतें कीं नाहीं, आणि त्याची चाल कशी, एवढें पाहिलें तरी बहुतेक वेळां ओळख पटते.

तळच्या गाळांतून निघणारी, बोटाच्या पेराहून लहान, रक्तासारखी तांबडी अळी गृहिणींस फार भिवविते. ती डांसासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका चिलटाची अळी होय. आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्या जातीचेंच द्रव्य तिच्या अंगांत असतें, म्हणून प्राणवायु कमी असलेल्या गाळांतहि ती जगते. तिच्यापासून रोग होत नाहीं. मात्र तळाशीं गाळ सांचला आहे व झांकणाला कोठें तरी फट आहे, ही वर्दी ती देते. नेहमींच्या प्रमाणांत टाकलेल्या क्लोरीनच्या पुडीनें ती सहसा मरत नाहीं. हौद घासून गाळ काढावा व हवेच्या नळीवर बारीक जाळी बांधावी.

दुसरा पाहुणा घोड्याच्या शेंपटीच्या केंसासारखा बारीक, तपकिरी किंवा काळसर, कधीं वीतभर तर कधीं त्याहूनहि लांब असतो व स्वतःच्याच अंगाच्या गांठी मारीत राहतो. ह्यालाच लोक नारू म्हणतात. हा बिचारा रातकिड्याच्या किंवा नाकतोड्याच्या पोटांत वाढतो व यजमान पाण्यांत पडला कीं बाहेर येतो. माणसाशीं त्याला कर्तव्य नाहीं. पूर्ण वाढलेला नारू हा माणसाच्या कातडीखालीं राहणारा पांढरा जंतु. हौदांत मोकळा पोहणारा लांब दोरा नारू नव्हे, एवढें ध्यानांत धरलें तरी पुरे. मुंबई-पुण्याकडे खाऱ्या पाण्याच्या कांचपेट्यांत हौसेनें मासे पाळणाऱ्यांचाहि असाच घोटाळा होतो. रात्रीं दगडाच्या फटींतून एक केंसाळ सागरी किडा निघतो, मेलेल्या माशावर बसलेला दिसतो आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. बहुधा त्यानें केवळ मढें साफ केलेलें असतें. (त्याला उघड्या हातानें मात्र धरूं नये, केंस कातडींत रुतून आग होते.)

नारूचा खरा वाहक इतका लहान, कीं तांब्यांतील पाण्यांत तो कोणाच्या ध्यानांतहि येत नसे. सायक्लॉप्स नांवाचा हा जलजंतु एक-दोन मिलिमीटरांचा असून झटके देत पोहतो. फेदचेंको नामक रशियन शास्त्रज्ञानें तुर्कस्तानच्या प्रदेशांत 1870 सालीं हा संबंध उघडकीस आणला. सायक्लॉप्स पाण्याबरोबर पोटांत गेला कीं त्याच्या अंगांतील नारूचीं पिलें शरीरांत शिरत. वर्षभरानें सुमारें मीटरभर लांबीची मादी बहुधा पायावर फोड आणी. आग शमविण्यासाठीं रोगी पाण्यांत पाय बुडवी, आणि त्याच क्षणीं हजारों पिलें पाण्यांत सुटत. संस्कृत वैद्यकांत ह्या व्याधीस स्नायुक म्हटलें आहे. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून तो ओढीत. मध्यें तुटला तर पाय सुजून माणूस महिनोगणती अंथरुणाला खिळे, आणि हें नेमकें शेतीच्या हंगामांत.

आमच्या गांवीं कमलाभवानीच्या देवळाजवळची 96 पायऱ्यांची बारव पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्या एका बारवेविषयीं हें बोलणें नव्हे. परंतु जेथें उतरून पाण्यांत पाय ठेवतां येतो अशा पायऱ्यांच्या विहिरींवरच नारूचें चक्र फिरत असे. त्यावर ना लस निघाली, ना औषध. पायऱ्या बंद करून रहाट किंवा हातपंप बसविणें आणि पाणी दाट फडक्यानें गाळणें, एवढ्यावरच तो हटला. ह्या देशांतील शेवटचा रोगी 1996 च्या जुलैंत राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी 2000 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणित केलें. सायक्लॉप्स अद्याप विहिरींत आहेतच, पण त्यांच्या अंगांत आतां नारू नाहीं.

आज ज्याचें भय धरावें, त्या किड्याला कोणी भीत नाहीं. पृष्ठभागाशीं डोकें खालीं करून लोंबणारी, सावली पडतांच वळवळत तळाकडे जाणारी अळी डांसाची. डेंग्यू पसरविणारा डांस स्वच्छ सांठविलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो व आठ-दहा दिवसांत नवे डांस उडूं लागतात. त्याचीं अंडीं पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पिंप नुसतें रितें करून भागत नाहीं. कडा काथ्यानें खरवडून घासावी लागते. काढलेलें पाणी मोरींत ओतूं नये. फडक्यांतून गाळून तें तुळशीला व परसांतील झाडांना घालावें, आणि फडकें उन्हांत खडखडीत वाळवावें.