लोंढ्याच्या पावसात हीट पंप चालतो का?

लोंढा-खानापूर पट्ट्यात न्हाणीघरातला जुना गिझर गळायला लागला आणि त्याच्या जागी हीट पंप घ्यावा का असा विषय निघाला, की एक उत्तर ठरलेलं असतं : ‘‘आपल्या पावसात तो काय कामाचा? चार महिने ऊन नाही, हवा सगळी ओली.’’ दुकानदार हेच सांगतो, प्लंबर हेच सांगतो, शेजारीही मान डोलावतो. पावसाळ्यात तो चालवून कुणी पाहिलेलं नसतं, तरी सांगण्यातला ठामपणा काही कमी होत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. लोंढ्याची पावसाळी हवा हीट पंपाला चांगली मानवते.

आधी उन्हाचा प्रश्न मिटवू. हीट पंपाचा आणि सूर्याचा थेट संबंध नाही. सोलर हीटर ऊन गोळा करतो, हीट पंप हवेतली उष्णता उचलतो. टाकी दोघांनाही असते म्हणून लोकांनी दोघांना एकाच माळेत ओवलं आहे. खरं तर हीट पंप प्रत्येक स्वयंपाकघरात आधीच उभा आहे : फ्रिज. तो आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. पाणी तापवणारं यंत्र तेच काम करतं, फक्त उष्णता बाहेरच्या हवेतून घेतं आणि टाकीतल्या पाण्याला देतं. अशा अनेक यंत्रांत फिरणारा आर-१३४ए हा वायू साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. त्याच्या हिशेबाने लोंढ्यातली जुलैची २२-२४ अंशांची हवा चांगलीच गरम असते. कॉइलमध्ये तो हवेतली उष्णता घेऊन वाफ होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, ती उष्णता तो पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. या सगळ्या फेऱ्यात ऊन कुठेही लागत नाही.

आता ओल्या हवेचं. २४ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असतं. हीट पंपाची कॉइल या हवेपेक्षा बरीच थंड असते, त्यामुळे तिच्यावर बाष्पाचं पाणी होतं. पाणी होताना बाष्प आपली सुप्त उष्णता सोडतं. एक लिटर पाणी जमलं, तर सुमारे ०.६८ युनिट उष्णता कॉइलला मिळाली. अरबी समुद्रावर त्या पाण्याची वाफ करताना सूर्याने खर्च केलेली उष्णता ढगांबरोबर घाट चढून आपल्या पडवीत येते आणि आपण ती नको म्हणतो! कोरड्या हवेकडून ही वरकमाई होत नाही. ज्या खानापूर तालुक्यात कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणलं जाणारं आमगाव आहे, तिथे आर्द्रतेची तक्रार करावी, हे नवल आहे.

हे जमलेलं पाणी नळीतून बाहेर ठिबकतं. पहिल्याच पावसाळ्यात ‘मशीन गळतंय’ म्हणून दुकानात जी तक्रार जाते, ती बऱ्याचदा याच पाण्याची असते. यंत्र नीट चालल्याची ती खूण आहे. नळीला उतार द्या आणि ती मोरीत सोडा.

मग पावसात हीट पंप चालत नाही ही अफवा आली कुठून? तिला थोडा आधार आहे, पण तो इथला नाही. युरोपात हवा पाच-सहा अंशांच्या खाली गेली, की कॉइल शून्याखाली जाते आणि दमट हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन साचतं. तो वितळवायला यंत्राला मधूनमधून थांबावं लागतं. लोंढ्यात जानेवारीच्या पहाटेही हवा सहसा तेवढी खाली जात नाही. शिवाय ज्यांना बर्फाची खरी अडचण आहे त्यांनीही हीट पंप टाकून दिलेले नाहीत. जर्मनीच्या फ्राउनहोफर सौर ऊर्जा संशोधन संस्थेने जुन्या घरांत प्रत्यक्ष मोजमाप केलं. २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या अहवालात हवेवर चालणाऱ्या हीट पंपांची वर्षाची सरासरी ३.१ आली, म्हणजे एका युनिट विजेत ३.१ युनिट उष्णता. झुरिकच्या नगरभवनात तर १९३८ पासून लिम्मात नदीच्या थंडगार पाण्यातून उष्णता काढली गेली. जे झुरिकला त्या काळी जमलं, ते लोंढ्याला आज न जमण्याचं कारण काय?

‘‘एका युनिटात तीन युनिटं? म्हणजे फसवणूकच!’’ हा त्यानंतरचा आक्षेप. यंत्र उष्णता तयार करत असतं, तर तो बरोबर ठरला असता. पण विहिरीवरची मोटार जशी पाणी तयार करत नाही, नुसतं वर उचलते, तसा हीट पंप हवेत असलेली उष्णता उचलतो. वीज लागते ती उचलण्यापुरती.

त्याचा घरगुती हिशेब असा. पाच-सहा माणसांच्या घरात रोज १५० लिटर पाणी २४ वरून ५० अंशांवर न्यायला साधारण साडेचार युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला तेवढी वीज लागणारच, म्हणजे महिन्याला सुमारे १३५ युनिटं. तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला ४५ पुरतात. ‘‘गृहज्योतीत वीज फुकट आहे, मग बचत कशाला?’’ असं म्हणणाऱ्यांनी कर्नाटक सरकारच्या या योजनेची अट पुन्हा वाचावी. फुकट युनिटं साधारणपणे २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून ठरतात आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की हेस्कॉम या वीज कंपनीचं पूर्ण बिल भरावं लागतं. बाकी घराला ८० युनिटं लागत असतील, तर गिझर तुम्हाला २१५ वर नेतो आणि हीट पंप १२५ वर ठेवतो.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज : पंचतारांकित गिझर म्हणजे हीट पंपाइतकीच बचत.
वस्तुस्थिती : साठवणीच्या गिझरवरचे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे टाकीतून वाया जाणाऱ्या उष्णतेसाठी असतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्यांनी कमी होत नाही.

गैरसमज : जुना गिझर २५ लिटरचा होता, हीट पंपही तेवढाच पुरेल.
वस्तुस्थिती : दोन किलोवॉटचा गिझर २५ लिटर पाणी २५ मिनिटांच्या आत तापवतो. घरगुती हीट पंपाला पूर्ण टाकीसाठी काही तास लागतात. म्हणून टाकी घराच्या रोजच्या गरजेएवढी घ्यावी आणि हवा सर्वांत उबदार असते तेव्हा, दुपारी, यंत्र चालवावं.

गैरसमज : दर वर्षी गॅस भरावा लागतो.
वस्तुस्थिती : वायू बंद नळ्यांत फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता गॅस भरणाऱ्याला नमस्कार करा आणि निरोप द्या.

गैरसमज : ७० अंशांवर ठेवलं की फायदा.
वस्तुस्थिती : पाणी जितकं जास्त तापवाल, तितकी बचत घटते. रोज ५०-५५ पुरे. टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत न्यावं.

गैरसमज : न्हाणीघरात कुठेही बसवता येतो.
वस्तुस्थिती : यंत्र आजूबाजूची हवा थंड करतं. बंद खोलीत थोड्या वेळात त्याचाच दम कोंडतो. पावसाच्या माऱ्यापासून आडोसा असलेली मोकळी पडवी उत्तम.

गैरसमज : म्हणजे प्रत्येक घराने हीट पंपच घ्यावा.
वस्तुस्थिती : नाही. त्याची किंमत गिझरच्या कित्येक पट असते. दोन माणसांच्या, दोन बादल्यांच्या घरात ती सहजी वसूल होणार नाही. तिथे साधा गिझर बरा. छतावरचं सोलर ठणठणीत असेल, तर दसऱ्यापासून मृगापर्यंत त्याच्या पुढे जाणारं काही नाही. पण पावसाळ्यात सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल चालू होते आणि तेव्हा तो महागडा गिझरच असतो, एवढं लक्षात ठेवावं.

खरी अडचण पावसात नसून विजेत आहे. झाड तारेवर पडलं की लाईट जाते आणि आली की कमी-जास्त दाबाने येते. कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि वीज परत आल्यावर काही मिनिटं थांबून यंत्र सुरू करणारा स्टॅबिलायझर बसवा. मग दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. कॅटलॉगमधला ‘तिप्पट-चौपट’ आकडा किती अंशांच्या हवेत आणि किती तापवलेल्या पाण्यासाठी मोजला आहे? आणि कॉम्प्रेसर बिघडला तर बेळगावहून की हुबळीहून, कोण आणि किती दिवसांत येणार? या दोन्हींची उत्तरं न देता जो पावसाचं कारण सांगतो, त्याच्याकडून साधा गिझरही घेऊ नये.