फक्त काळ्या शाईने फोटो छापताना

घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला कृष्णधवल फोटो बहुतेक वेळा खरा कृष्णधवल नसतो. कधी त्याला हिरवट झाक येते, कधी जांभळट. ट्यूबलाइटखाली बरा दिसलेला फोटो खिडकीपाशी नेला की वेगळाच दिसतो. आजोबा-पणजोबांचे लष्करातले जुने फोटो छापू पाहणारे कॅडेट हीच तक्रार घेऊन आमच्या फोटोग्राफीच्या छंदवर्गात येतात. त्यांना मी एक साधा उपाय सांगतो : रंगीत शायांना सुट्टी द्या आणि सगळा फोटो एकट्या काळ्या शाईने छापा. सुरुवात कशी करायची ते येथे क्रमाने देत आहे. पालकांनाही हे घरी सहज जमेल.

आधी कारण समजून घेऊ. साध्या घरगुती प्रिंटरमध्ये करडी शाई नसते. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी टाकून तो करड्या रंगाचा भास निर्माण करतो. एका शाईचे प्रमाण जरा हलले की झाक दिसू लागते. शिवाय या प्रिंटरमधली रंगीत शाई बहुधा ‘डाय’ प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते. असे रंग उजेडाने उडतात आणि सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. त्यामुळे भिंतीवरचा फोटो काही वर्षांत भलत्याच रंगाचा होतो.

काळी शाई मात्र अनेक प्रिंटरमध्ये ‘पिगमेंट’ प्रकारची असते. तिच्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या काजळीच्या शाईने लिहिल्या, तिच्यातला काळेपणाही कार्बनचाच. कार्बन उजेडाने उडत नाही. आपल्या प्रिंटरची काळी शाई कोणती, हे बाटलीच्या किंवा कार्ट्रिजच्या खोक्यावर पाहावे. तेथे कळले नाही, तर साध्या कागदावर दोन ओळी छापून तासाभराने त्यांवर पाण्याचा थेंब टाकावा. अक्षरे पसरली तर डाय, जवळजवळ तशीच राहिली तर पिगमेंट.

पण एकाच काळ्या शाईतून करड्या छटा येतात कशा? संचलनाचे उदाहरण घ्या. मैदानात जवळ उभे राहिले तर प्रत्येक कॅडेट वेगळा दिसतो. सलामी मंचावरून तीच तुकडी एक अखंड चौकोन वाटते. ठिपक्यांचेही तसेच आहे. दाट ठिपके म्हणजे गडद छटा, विरळ ठिपके म्हणजे फिकी. शाई तीच, अंतर वेगळे.

ही युक्ती प्रिंटरपेक्षा कितीतरी जुनी आहे. वर्तमानपत्रांतले फोटो हाफटोन ब्लॉकने छापले जात, तेही एका काळ्या शाईच्या लहानमोठ्या ठिपक्यांतूनच. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्याआधी हाच व्यवसाय करत होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण आणि ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकले. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

आता प्रत्यक्ष काम.

पहिली पायरी कागदाची. चकचकीत ग्लॉसी कागद वापरू नका. पिगमेंट शाई त्यावर नीट बसत नाही, बोट लावले की पुसली जाते. झेरॉक्सचा साधा कागद शाई शोषतो, ठिपके फुगतात आणि फोटो मळकट दिसतो. इंकजेटसाठीचा मॅट कागद घ्या. त्याची लेप दिलेली बाजू ओळखायची असेल तर कोपऱ्याला किंचित ओले बोट लावा. जी बाजू चिकट लागेल तिच्यावर छापा.

दुसरी पायरी सेटिंगची. छापण्याच्या खिडकीत ‘ग्रेस्केल’ निवडले म्हणजे काम झाले असे नाही. काही प्रिंटर ग्रेस्केलमध्येही रंगीत शाया मिसळतात. ‘ब्लॅक इंक ओन्ली’ असा पर्याय असेल तर तो घ्या. कागदाचा प्रकार ‘मॅट’ किंवा ‘प्लेन’ ठेवा, कारण ‘ग्लॉसी’ सांगितल्यावर अनेक प्रिंटर काळी पिगमेंट शाई बाजूला ठेवून रंगांतूनच काळा बनवतात. बिनकडेची छपाई बंद ठेवा आणि गुणवत्ता मिळेल तितकी वरची निवडा. मग छापलेला कागद भिंगाखाली धरा. नकाशावाचनाच्या तासाला वापरता ते भिंग चालेल. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले तर सेटिंग अजून चुकते आहे.

तिसरी पायरी चाचणीपट्टीची. ही गाळू नका. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा-दहा टक्क्यांनी गडद होत जाणारे ११ चौकोन एका ओळीत काढून छापा. काळ्या शाईच्या छपाईत मधल्या छटा अपेक्षेपेक्षा गडद येतात आणि शेवटचे दोन-तीन चौकोन एकमेकांत मिसळतात. फोटोच्या सॉफ्टवेअरमधील ‘कर्व्हज’ने मधल्या आणि गडद छटा थोड्या उजळा व पुन्हा छापा. अकराही चौकोन वेगळे दिसू लागले की ते सेटिंग वहीत लिहून ठेवा. कागद बदलला की पट्टी पुन्हा छापावी लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मोकळे आकाश किंवा उजळ गाल अशा फिक्या भागांत विरळ ठिपके रव्यासारखे दिसतात. म्हणून सुरुवातीला बाजूने उजेड पडलेला चेहरा, गणवेशाची वीण, जुनी भिंत असे पोत असलेले फोटो घ्या आणि ते हातभर अंतरावरून पाहा.

रायपूरची हवा लक्षात ठेवावी लागते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि नोझलमधली शाई वाळते. आठवड्यातून एकदा रंगीत पान छापा. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेड झाकणाखाली जाऊन बसते. भिंतीवरचे बटण आधी दाबू नका. पावसाळ्यात कागद पिशवीत बंद ठेवा. रंगीत टाक्या रिकाम्या होऊ देऊ नका. त्या संपल्या तर काही प्रिंटर काळेही छापत नाहीत. छापलेला फोटो दिवसभर सुकू द्या आणि फ्रेम करताना काच त्याला चिकटणार नाही असे पाहा.

जुन्या फोटोंबद्दल थोडे. आपल्यापैकी अनेक मराठी घरांची मुळे नागपूर-विदर्भात आहेत. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. तिथल्या ट्रंकांत अजून पासपोर्ट आकाराचे फोटो सापडतात. ३५ × ४५ मिलिमीटरचा असा फोटो १२०० डीपीआयला स्कॅन केला तर चौपट मोठा, म्हणजे १४ × १८ सेंटिमीटरचा, ३०० डीपीआयने स्वच्छ छापता येतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच स्कॅन करा. मूळ प्रत कोणाला देऊ नका.

आणि छापून झाले की मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण आणि वर्ष लिहा. कार्बनची शाई चेहरा टिकवील, पण शेजारी उभे असलेले ते तिघे कोण होते हे तिला सांगता येणार नाही. ते आजीला ठाऊक असते. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा प्रिंटर सुरू करण्याआधी तिच्याजवळ बसा आणि नावे विचारून घ्या.