गूगलवरचा शेरा आणि इस्टेट एजंटची साख

साख ही व्यापाऱ्याची खरी पुंजी असते, हे कापडाच्या धंद्यात वावरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वी ही साख बाजारात तोंडोतोंडी पसरत असे. गिऱ्हाईक थान हातात घेई, कापड चोळून पाही, हवे तर कोपरा भिजवून रंग जातो काय तेही बघे. घराच्या सौद्यात असे करता येत नाही. पुष्कळदा इमारत उभी राहण्याआधीच पैसे मोजावे लागतात. म्हणून घर घेणारा माणूस आधी एजंटला पारखतो. आज हे काम तो मोबाइलवर करतो. गूगलच्या नकाशावर एजंटच्या नावाखाली एक ते पाच तारे आणि जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे, म्हणजे रिव्ह्यू, दिसतात आणि फोन करायचा की नाही हे तिथेच ठरते.

पालघर आणि बोईसर-तारापूर भागात या शेऱ्यांना विशेष महत्त्व आहे. 2013 साली लोकल गाडी डहाणूपर्यंत आली, 2014 साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला आणि 2024 साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तारापूर एमआयडीसीत तर दूरदूरच्या राज्यांतून लोक कामाला येतात. अशा गिऱ्हाइकाचे इथे ना नातेवाईक, ना ओळखीचे. आयुष्याची बचत घेऊन तो अनोळखी गावात येतो. त्याला एजंटबद्दल सांगणारे कोण? तर हे लेखी शेरे.

त्याचा धंद्यावर परिणाम किती होतो? अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी 2011 साली सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढते, असे त्यांना आढळले. हा फायदा मोठ्या साखळी कंपन्यांना नव्हे, तर स्वतंत्र, लहान मालकांना झाला. धंदा वेगळा असला तरी ज्याचे नाव मोठे नाही त्याला शेऱ्यांचा आधार जास्त, ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते.

शेरे कसे मिळवावेत?

गूगलवर आपल्या दुकानाची नोंद फुकट होते. आपण मालक आहोत याची खातरी पटवून दिली की शेऱ्यांना उत्तर देण्याचा अधिकार मिळतो. करारनामा नोंदला गेला किंवा घराची चावी हाती पडली की गिऱ्हाइकाला आपल्या शेऱ्याच्या पानाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. मात्र तो सर्वांना पाठवावा. फक्त खूश गिऱ्हाइकांकडून शेरे मागणे, किंवा पाच ताऱ्यांच्या बदल्यात दलालीत सूट देणे, गूगलच्या नियमांत बसत नाही. पुतण्या, भाचा आणि ऑफिसातली मुले यांच्याकडून शेरे लिहून घेणे हे तर उघड लबाडीचे काम आहे. असे शेरे बहुधा एकाच आठवड्यात, एकाच भाषेत येतात आणि वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

सरकारनेही यात लक्ष घातले आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस 19000 हे मानक आणले. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कक्षेत येते. एजंटला तर रेरा कायद्याचे कलम 10 बांधील आहे. सेवेच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे या कलमाने वर्ज्य आहे. कलम 9 किंवा 10 मोडल्यास दररोज 10 हजार रुपयांपर्यंत, एकूण सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाईट शेरा आला तर

वाईट शेरा तीन प्रकारचा असतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला, खरी तक्रार. फोन उचलला नाही, दलाली ऐन वेळी वाढवली, पावती दिली नाही. इथे वाद घालू नये. एक-दोन दिवसांत थोडक्यात लिहावे: 'आपली तक्रार बरोबर आहे. पावती राहिली होती, ती उद्या मिळेल. मी स्वतः आपल्याला फोन करतो.' मग तसे करावे. शेरा लिहिणाऱ्याला तो स्वतः बदलता येतो. काम झाल्यावर एकदा विनंती करण्यास हरकत नाही. मात्र शेरा काढण्यासाठी पैसे देऊ करू नयेत.

दुसरा, बिल्डरच्या चुकीचा राग एजंटवर. ताबा लांबला की बहुतेक असेच होते. 'माझा संबंध नाही' हे उत्तर गिऱ्हाइकाला अधिक दुखावते, कारण सौदा जुळवताना आपणच सोबत होतो. त्याला रस्ता दाखवावा. ताबा वेळेवर न मिळाल्यास कलम 18 प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून विलंबाचे व्याज मागता येते. त्यासाठी महारेराकडे तक्रार करता येते. कागद जमवायला आपण मदत करू, एवढे लिहिले तरी पुढचे शंभर वाचक ते पाहतात.

तिसरा, खोटा शेरा. कधी प्रतिस्पर्धी लिहितो, कधी ज्याने आपल्याशी सौदाच केला नाही असा माणूस. 'या नावाने आमच्याकडे नोंद नाही, कृपया ऑफिसशी संपर्क करावा' असे लिहून शेऱ्याची गूगलकडे तक्रार करावी. शिवीगाळ, बनावट किंवा विषय सोडून लिहिलेला शेरा गूगल काढू शकते. खरे कोण आणि खोटे कोण, हा तंटा मात्र गूगल सोडवत नाही.

तिन्ही प्रकारांत रागाच्या भरात रात्री उत्तर लिहू नये. गिऱ्हाइकाचा फ्लॅट नंबर, कर्जाची रक्कम, घरातल्या गोष्टी उघड करू नयेत. हिंदीत शेरा आला तर हिंदीतच उत्तर द्यावे.

शेऱ्याचे मूळ सौद्यात

खरे पाहता वाईट शेरा पुष्कळदा पहिल्या भेटीतच जन्म घेतो. म्हणून पुढील गोष्टी आधीच, लेखी सांगाव्यात. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी, पार्किंग आणि आपली दलाली यांचा पूर्ण हिशेब एका कागदावर द्यावा. ताब्याची तारीख बिल्डरच्या तोंडची नव्हे, महारेराच्या नोंदीतली दाखवावी. करारनामा नोंदल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असू द्यावे.

प्लॉटच्या सौद्यात आपल्या जिल्ह्यात जास्त सावध राहावे. सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश स्वतः वाचावा. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेच्या कलम 36 अ मुळे ती बिगर आदिवासीला सहजी घेता येत नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे लपवून सौदा केला तर गिऱ्हाइकाचा पैसा बुडतो. तेव्हा गोड उत्तर लिहून काही उपयोग नाही.

एक साधी वही ठेवावी. आलेला प्रत्येक शेरा, तारीख आणि आपण काय केले ते तीत लिहावे. एकच तक्रार तीनदा आली तर दोष आपल्या पद्धतीत आहे असे समजून ती बदलावी. शिंपी, फर्निचर कारागीर, फॅब्रिकेशनवाले यांनाही हीच रीत उपयोगी पडेल, कारण त्यांचेही नवे गिऱ्हाईक आता आधी मोबाइल पाहून मगच दुकानाची पायरी चढते.